पावसाच्या नावाचे चलन

जगातील बहुतेक चलनांची नावे धातूवरून, वजनावरून किंवा राजमुद्रेवरून पडलेली आढळतात. आपला रुपया रौप्याशी नाते सांगतो, इंग्लंडचा पौंड वजनाशी. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील बोत्सवाना या देशाने मात्र आपल्या पैशाला 'पुला' हे नाव दिले आहे, आणि सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. पुलाच्या शंभराव्या भागाला 'थेबे' म्हणतात. थेबे म्हणजे ढाल. हे चलन २३ ऑगस्ट १९७६ रोजी व्यवहारात आले. तोपर्यंत तेथे दक्षिण आफ्रिकेचा रँड चालत असे. बँकेत परकीय चलनाच्या विभागात मी काही वर्षे काढली, पण आमच्या रोजच्या दरपत्रकात पुला कधी डोकावला नाही. निवृत्तीनंतर या सदरासाठी वाचन सुरू केले तेव्हा या नावाने माझे लक्ष वेधले आणि त्या नावाच्या मागे मी त्या देशात शिरलो.

तेथे सभेतील भाषण संपले की लोक टाळ्यांबरोबर 'पुला!' असा पुकारा करतात. देशाच्या राजचिन्हावर बोधवाक्य म्हणून हा एकच शब्द कोरलेला आहे, आणि ध्वजाचा निळा रंगही पावसाचाच. ज्या गोष्टीची वाण असते तिचेच नाव ओठांवर येते. देशाचा सुमारे सत्तर टक्के भाग कालाहारीच्या वाळूने व्यापलेला आहे. नैऋत्येस वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस पडतो, ईशान्येस ६५० च्या आसपास. माण-खटावच्या शेतकऱ्यालाही हा पाऊस अपुरा वाटेल. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पावणेदोन पटींहून अधिक आणि लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे २४ लाख, म्हणजे एकट्या पुणे शहराहूनही कमी. नावांची एक गंमत येथेच सांगून टाकतो. देश बोत्सवाना, तेथील एक माणूस मोत्स्वाना, अनेक माणसे बात्स्वाना आणि त्यांची भाषा सेत्स्वाना. आपण प्रत्यय शब्दाच्या शेवटी लावतो, ते आरंभी लावतात.

अशा तहानलेल्या भूमीच्या उत्तरेस ओकावांगो नावाची नदी आहे आणि ती समुद्राला मिळत नाही. तिचा उगम शेजारच्या अंगोला देशाच्या उंच प्रदेशात. तेथून ती बोत्सवानात उतरते, पंजाच्या बोटांसारखी पसरते आणि वाळूतच संपते. त्या पाण्याचा पंधरा-सतराशे किलोमीटरांचा प्रवास शेवटी हवेत विरतो. आलेल्या पाण्यापैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक पाणी बाष्प होऊन जाते. जमिनीचा उतार इतका सौम्य आहे की अडीचशे किलोमीटरांत पातळी साठेक मीटरच उतरते. त्यामुळे अंगोलात डिसेंबर ते मार्च या काळात पडलेल्या पावसाचे पाणी त्रिभुज प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास कित्येक महिने लागतात. जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तेथील कोरड्या हिवाळ्यात, आकाशात ढगाचा ठिपका नसताना पूर येतो आणि चहूकडची तृषार्त जनावरे त्या पाण्याकडे वळतात. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत ओकावांगोची भर पडली तेव्हा ते त्या यादीतील एक हजारावे स्थळ ठरले.

मला स्वतःला त्याहून अधिक नवल वाटले ते त्यातील क्षारांच्या हिशेबाचे. एवढे पाणी दरवर्षी आटते, तर त्यातील क्षार मागे राहून सारा प्रदेश खारट व्हायला हवा होता. तसे होत नाही. बेटांवरील झाडे भूजल शोषून घेतात आणि क्षार बेटाच्या मध्यभागी साचत जातात. भोवतालचे पाणी गोडेच राहते. बेटांच्या मधोमध पांढरे, ओसाड ठिपके दिसतात, ते याच साचलेल्या क्षारांचे. आणि ही हजारो बेटे आली कोठून? त्यांतील पुष्कळशांचा पाया वाळवीने घातला आहे. पूर ओसरलेल्या जागी वाळवी वारूळ उभारते, पुढच्या पुरात त्याचा माथा कोरडा राहतो, त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बीज पडते, झाड रुजते, झाडाच्या मुळांशी गाळ अडतो. शतकांनंतर तेथे हत्ती सावलीला उभा राहतो.

पण हे पाणी बोत्सवानाचे नव्हे. ते अंगोलात पडते आणि नामिबियाच्या अरुंद पट्ट्यातून येते. १९९४ साली तिन्ही देशांनी मिळून या नदीसाठी आयोग नेमला. त्यानंतर दोनच वर्षांत नामिबियात भीषण दुष्काळ पडला आणि या नदीतून आपल्या राजधानीकडे नळाने पाणी नेण्याची योजना तेथील सरकारने पुढे आणली. बोत्सवानात मोठी अस्वस्थता पसरली. मग चांगला पाऊस झाला आणि योजना बाजूला पडली.

वाळवीचा विषय निघालाच आहे, तर आपल्यापैकी अनेक घरांशी संबंध असलेली हकीकत आता सांगितली पाहिजे. ती हिऱ्यांची आहे.

बोत्सवाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला. तोपर्यंत तो ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील बेचुआनालँड होता, आणि इंग्रजांना त्याची किंमत इतकी कमी वाटे की त्याचा कारभार ते देशाबाहेरून, दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग गावातून पाहत. स्वतःच्या सीमेत राजधानीच नसलेला असा प्रदेश इतिहासात विरळाच. स्वातंत्र्याच्या वेळी सबंध देशात बारा किलोमीटर डांबरी रस्ता होता आणि पदवीधर बावीस. गणना जगातील सर्वांत दरिद्री देशांत होत असे. पुढल्याच वर्षी, १९६७ साली, ओरापा येथे हिऱ्यांचा प्रचंड साठा सापडला.

असा साठा सापडल्यावर आफ्रिकेतील कित्येक देशांची धूळधाण झाली. येथे ती झाली नाही, याचे कारण एका कायद्यात आहे. त्याच वर्षी संसदेने ठरविले की जमिनीखालील खनिजांवर मालकी त्या त्या टोळीची न राहता राष्ट्राची राहील. हे करणारे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा स्वतः बांग्वातो टोळीच्या राजघराण्याचे वारस होते, आणि ओरापा त्यांच्याच टोळीच्या मुलखात येते. घरचे धन त्यांनी सार्वजनिक खात्यात जमा केले, असे आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत म्हणता येईल. याच सेरेत्से खामांनी १९४८ साली लंडनमध्ये रूथ विल्यम्स या गौरवर्णीय तरुणीशी विवाह केला म्हणून इंग्रज सरकारने त्यांना १९५१ ते १९५६ मायदेशी येऊ दिले नव्हते, कारण शेजारच्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची नाराजी इंग्रजांना नको होती. हद्दपार केलेला माणूस दहा वर्षांत राष्ट्राध्यक्ष झाला.

डी बिअर्स कंपनीशी भागीदारी झाली तेव्हा आरंभी सरकारचा हिस्सा पंधरा टक्के होता. १९७० च्या दशकातच तो निम्म्यावर नेण्यात आला. त्या कंपनीला आज देब्स्वाना म्हणतात. दुसऱ्या मोठ्या खाणीच्या शोधात वाळवी येते. ज्वानेंग येथे हिऱ्यांचा खडक वाळूच्या सुमारे पन्नास मीटर थराखाली दडलेला होता. वरून पाहता काहीच दिसत नसे. मात्र वाळवी ओलाव्याच्या शोधात फार खोल जाते आणि खालचे कण वर आणून वारुळात रचते. भूगर्भशास्त्रज्ञांना वरच्या मातीत हिऱ्याच्या सोबतीने आढळणाऱ्या खनिजांचे बारीक कण मिळाले आणि त्यावरून त्यांनी तळ गाठला. १९८२ साली सुरू झालेली ज्वानेंगची खाण उत्पन्नाच्या मूल्याने जगातील सर्वांत श्रीमंत खाणींत गणली जाते. एखाद्या जीवाचा आकार पाहून त्याचे मोल ठरवू नये, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवितात. खाण उद्योगाला ते येथे शिकावे लागले.

या पैशाचे काय झाले? रस्ते, शाळा, दवाखाने झाले, आणि १९९४ च्या सुमारास पुढील पिढ्यांसाठी 'पुला फंड' नावाची राखीव गंगाजळी निर्माण झाली. मग एड्सची साथ आली. या शतकाच्या आरंभी प्रौढांतील लागणीचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत बोत्सवाना होता आणि सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आसपास घसरले. २००२ साली सरकारने सर्व गरजू रुग्णांना मोफत औषध देण्याचा कार्यक्रम सुरू केला. आफ्रिकेत असे करणारा तो पहिला देश. कार्यक्रमाचे नाव 'मासा', म्हणजे नवी पहाट. परदेशी संस्थांनी हातभार लावला, परंतु बराचसा भार हिऱ्यांनी उचलला. मातेकडून बाळाला होणारी लागण तेथे आता अत्यल्प झाली आहे.

हिऱ्यांपूर्वी तेथील धन म्हणजे गुरे. आपल्याकडेही गोधन हा शब्द उगाच आलेला नाही. तेथे आजही वरपक्ष वधूच्या घरी 'बोगादी' म्हणून गायीगुरे देतो, आणि राजचिन्हावर बैलाचे शिर आहे. या गुरांचा व्यापार मांसाच्या निर्यातीचा आहे, हे आपल्या मनाला रुचणारे नाही. पण त्यातून घडलेली पुढील गोष्ट कळण्यासाठी ते सांगणे भाग आहे. युरोपला माल विकायचा तर गुरांना लाळ्या-खुरकताचा रोग नाही हे सिद्ध करावे लागे आणि रोग येई रानम्हशींकडून. म्हणून १९५० च्या दशकापासून शेकडो किलोमीटर लांबीची तारेची कुंपणे रानातून ओढली गेली. दुष्काळाच्या वर्षांत पाण्याकडे निघालेले वाइल्डबीस्टचे कळप त्या तारांपाशी अडून हजारोंनी मेले.

असेच एक कुंपण १९६८ साली ओकावांगो आणि माकगादिकगादी यांच्यामध्ये उभे राहिले. माकगादिकगादी हे एका लुप्त महासरोवराचे तळ होय: हजारो चौरस किलोमीटर पांढरे मिठागर, पाऊस झाला की गवत उगवते आणि रोहित पक्ष्यांचे थवे घरटी करायला उतरतात. पूर्वी झेब्रे पावसाळ्यात ओकावांगोकडून तेथे जात. कुंपणाने ती वाट बंद झाली. २००४ साली ते कुंपण काढले. काही वर्षांतच शास्त्रज्ञांनी झेब्र्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे बांधून पाहिले, तर अर्ध्याहून अधिक झेब्रे जाऊन-येऊन सुमारे ५८८ किलोमीटरांची ती जुनी वाट चालू लागले होते! छत्तीस वर्षे वाट बंद होती. रानातला झेब्रा इतका जगत नाही. म्हणजे ज्यांनी ती वाट कधी पाहिलीच नव्हती, ज्यांना दाखविणारे आई-बाप नव्हते, त्यांनी ती शोधून काढली. पावसाची चाहूल, हिरव्या गवताचा माग, काय असेल ते असो. आपल्या बाजारपेठांतून दोन-तीन पिढ्यांमागे राजस्थान-गुजरातेतून आलेली घरे आहेत. त्यांतील कित्येकांच्या नातवंडांना मूळ गावाची वाट विचारून पाहावी.

पक्ष्यांविषयी एकच सांगतो. तेथील राष्ट्रीय पक्षी कोरी बस्टर्ड हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत वजनदारांपैकी एक आणि आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ, एकाच प्रजातिकुळातील. नान्नजला आता माळढोक दिसणे ही बातमी होते.

सर्वांत अवघड प्रश्न हत्तींचा आहे. २०२२ साली विमानातून केलेल्या गणनेत बोत्सवानात सुमारे १ लाख ३० हजारांहून अधिक हत्ती आढळले. जगात कोणत्याही देशात इतके हत्ती नाहीत. अठरा माणसांमागे एक हत्ती! शेजारी देशांतील युद्धे आणि चोरटी शिकार यांमुळे कित्येक कळप येथे आश्रयाला आले, असे मानले जाते. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि शंभर लिटरांहून अधिक पाणी पितो. ज्या शेतकऱ्याचे चार एकर ज्वारी-मका हेच वर्षाचे अन्न, त्याच्या शेतातून एका रात्री एक कळप गेला की वर्ष संपले. माणसेही मरतात. काही गावांत लोक मिरचीची पूड शेणात कालवून तिच्या गोवऱ्या करतात आणि शेताच्या कडेला धुमसत ठेवतात. हत्तीच्या नाकाला तो धूर सोसवत नाही. कोणाचाही प्राण न घेता पीक वाचविणारा हा उपाय मला फार आवडला, परंतु सबंध देशाला तो पुरा पडत नाही.

२०१४ साली राष्ट्राध्यक्ष इयान खामा यांनी (सेरेत्से यांचेच पुत्र) हौशी शिकारीवर बंदी घातली. २०१९ साली पुढील राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वेत्सी मासिसी यांनी ती उठविली. परदेशी शिकारी मोठी रक्कम मोजतो आणि ती गावाला मिळते, हा त्यामागील हिशेब. जर्मनीने शिकारीच्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आणण्याचा विचार सुरू केला तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये मासिसी यांनी वीस हजार हत्ती जर्मनीस भेट पाठवितो, तुम्हीच सांभाळून पाहा, असे सुनावले. शिकारीचे समर्थन मला मान्य नाही. प्राण्याचा जीव घेऊन त्याच्याच संरक्षणाचा खर्च भागवायचा, हे जमाखर्चात बसले तरी मनात बसत नाही. तथापि दयेची किंमत नेहमी ज्वारीवाल्या शेतकऱ्यानेच का भरावी, या प्रश्नाला बर्लिनमध्ये उत्तर नव्हते, आणि मुंबई-पुण्यात बसून अहिंसेवर बोलणाऱ्या आपणांपाशीही ते सहज मिळणार नाही. नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी देणे हा एक मार्ग दिसतो. त्यासाठी पैसा लागतो, आणि जगाला हत्ती हवे असतील तर त्या खर्चात जगाने वाटा उचलणे न्याय्य ठरेल.

किंमत भरणारे आणखी एक आहेत. कालाहारीचे मूळ रहिवासी सान लोक. त्यांच्या भाषांत जीभ टाळूवर आपटून काढलेले टिचकीचे ध्वनी असतात. त्यांतील 'ता' भाषेत शंभराहून अधिक ध्वनी आहेत. आपल्या वर्णमालेचे पन्नासएक वर्ण घोकताना मुले रडकुंडीला येतात! हे लोक शहामृगाच्या अंड्याच्या कवचात पाणी साठवून वाळूत पुरून ठेवीत, त्सामा नावाच्या रानटी कलिंगडावर तहान भागवीत. १९६१ साली त्यांच्यासाठी आणि वन्य प्राण्यांसाठी मिळून मध्य कालाहारीत बावन्न हजार चौरस किलोमीटरांहून मोठे अभयारण्य राखले गेले. पुढे १९९७ आणि २००२ साली सरकारने त्यांना तेथून बाहेर वसविले आणि त्यांची कूपनलिका बंद केली. ते न्यायालयात गेले. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण कूपनलिका उघडण्याची परवानगी मिळाली नाही. पावसाच्या नावाने पैसा छापणाऱ्या देशात पाणी काढण्याच्या हक्कासाठी त्यांना पुन्हा अपील करावे लागले. तो हक्क २०११ साली मिळाला.

आता पुन्हा हिऱ्यांकडे. २०१३ पासून डी बिअर्सची कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून गाबोरोने या राजधानीत हलली. साइटसाठी आपल्याकडील व्यापारी तेथे जातात, काहींनी तेथे कारखानेही काढले आहेत, आणि तेथील तरुण-तरुणी पैलू पाडण्याचे काम शिकल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये कारोवे खाणीत २,४८८ कॅरेटचा हिरा सापडला. १९०५ सालच्या कलिनननंतरचा हा सर्वांत मोठा. क्ष-किरणांच्या यंत्राने तो दगड फोडण्यापूर्वीच हेरला, अन्यथा चक्कीत त्याचा चुरा झाला असता.

परंतु त्याच वर्षी मागणी घटल्याने देब्स्वानाला उत्पादन कमी करावे लागले. देशाच्या निर्यातीतील सुमारे चार-पंचमांश वाटा एकट्या हिऱ्यांचा आहे. तिजोरीत खडखडाट झाला, आणि त्या वर्षाअखेरच्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून अठ्ठावन्न वर्षे सत्तेवर असलेला पक्ष पराभूत होऊन डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. मंदीचे एक मोठे कारण प्रयोगशाळेत घडविलेला हिरा आहे, आणि तो मोठ्या प्रमाणावर सुरतेत घडतो. ज्या सुरतेत बोत्सवानाच्या रफला पैलू पडतात, त्याच सुरतेत, कधी एकाच घराच्या दोन पेढ्यांत, त्याचा भाव पाडणारा मालही तयार होतो. यात कोणाचा दोष काढता येत नाही. ग्राहक जे मागेल ते व्यापारी देणार. ज्वानेंगला उघडी खाण आता खूप खोल गेल्यामुळे भुयारी उत्खननाची तयारी चालू आहे. त्यावर प्रचंड भांडवल आज घालावे लागते आणि माल हाती येईल तो पुढील दशकात. त्या वेळी खाणीतल्या हिऱ्याला काय भाव असेल, हे गाबोरोनेतही कोणी छातीठोकपणे सांगत नाही आणि सुरतेतही नाही.